फुकेतची शिडाची बोट: जाहिरातीतलं भाडं आणि खरा खर्च

थायलंडच्या फुकेत बेटावर आठवड्याच्या बोलीने शिडाची बोट भाड्याने मिळते. जाहिरातीत दिसतं ते नुसतं बोटीचं भाडं. प्रत्यक्षात खर्च साधारण त्याच्या दीडपट होतो. सहा जण आणि चार केबिनची कॅटामरान धरून हा सात दिवसांचा नमुना हिशेब. यातले भाडं, स्किपर, डिझेल आणि जेवणाचे आकडे गृहीत धरलेले आहेत. त्यांच्या जागी आपल्या कोटेशनमधले घाला.

• बोटीचं भाडं: 3,50,000 रुपये
• थायलंडचा व्हॅट, 7 टक्के: 24,500
• स्किपर, रोज 10,000: 70,000
• डिझेल, गॅस, पाणी: 20,000
• स्किपरसह सात जणांचं जेवण, माणशी रोज 1,200: 58,800
• राष्ट्रीय उद्यानांची फी: 11,550

एकूण 5,34,850, म्हणजे माणशी सुमारे 89,000. विमानभाडं वेगळं.

उद्यानांची फी
परदेशी प्रौढांना फांग न्गाच्या आखातात 300 बाथ आणि फी फी बेटांवर 400 बाथ पडतात. वरच्या हिशेबात या दोन्ही फी पावणेतीन रुपयांना एक बाथ या दराने धरल्या आहेत. सिमिलान बेटांवर जायचं तर माणशी आणखी 500 बाथ.

स्किपर हवाच का?
बोट स्वतः चालवायची तर कंपनी प्रमाणपत्र आणि अनुभवाचा तपशील मागते. तो नसेल तर स्किपर घ्या. तो झोपणार कुठे, हे आधीच विचारा. एक केबिन त्याच्याकडे गेली की कमी जण मावतात आणि माणशी खर्च वाढतो.

अनामत
नुकसानीपोटी मोठी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. कार्डाची मर्यादा तपासा. बोट ताब्यात घेतानाच जुन्या ओरखड्यांचे फोटो काढा.

कधी जावं?
नोव्हेंबर ते एप्रिल हवा कोरडी आणि वारा चांगला, भाडंही चढं. पावसाळ्यात दर उतरतात, पण पश्चिम किनाऱ्याचा समुद्र खवळलेला असतो आणि सिमिलान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद राहतं. स्वस्तात जायचंच असेल, तर फांग न्गाच्या आडोशाच्या पाण्यातच फिरा.

रेगाटाचा आठवडा
थायलंडचे राजे भूमिबोल यांच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त 1987 साली सुरू झालेली किंग्ज कप रेगाटा ही शिडाच्या बोटींची शर्यत डिसेंबरच्या सुरुवातीला होते. त्यात बोट उतरवायची तर प्रवेश फी आणि शर्यतीचा विमा यांची भर पडते. शर्यतीसाठी अनामतही बहुधा जास्त घेतात. हौसच असेल तर अख्खी बोट घेण्याऐवजी दुसऱ्याच्या बोटीवर खलाशाची एक जागा विकत घ्या. नुसती शिडं बघायची असतील तर काता किनारा फुकट आहे.

पैसे भरण्याआधी
भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर) घेतला जातो. पावती जपा; विवरणपत्र भरताना तो वळता होतो. कोटेशनमध्ये व्हॅट, शेवटची सफाई आणि लहान डिंगी धरली आहे का, हे लेखी मागा. ही उत्तरं हातात आल्याशिवाय दोन कंपन्यांच्या दरांची तुलना करू नका.