वडाची फांदी लावू या

ज्येष्ठ महिना येतो. पहिला पाऊस पडतो. वटपौर्णिमेला बायका वडाला सूत गुंडाळतात आणि घरधन्याला आयुष्य मागतात. पण आता पुष्कळ घरी वडाची फांदीच आणतात. बाजारात ती विकत मिळते. पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी फांदी उकिरड्यावर जाते. तिकडे झाड मात्र ओरबाडलेले राहते. ज्याच्यापाशी आयुष्य मागायचे, त्याचेच हातपाय तोडायचे, हे बरे नाही.

यावर उपाय सोपा आहे. पूजा उभ्या झाडाची करावी. गावात वड नसेल तर तो लावावा. वड फांदीपासून होतो, आणि पावसाचा आरंभ हाच फांदी लावण्याचा काळ.

जागा

आधी जागा पाहा. आज हातभर दिसणारे झाड पुढे गावजेवणाची पंगत बसेल एवढे होते. त्याची मुळे पाण्याच्या शोधात लांब जातात. म्हणून घर, विहीर आणि गटार यांपासून वड निदान ५० फूट दूर लावावा. वर विजेच्या तारा नसाव्यात. गावठाणाची मोकळी जागा, तळ्याचा काठ, शाळेचे मोठे पटांगण, बाजारतळ, या जागा चांगल्या. जागा सार्वजनिक असेल तर पंचायतीला विचारून लावावा.

फांदी

बाजारातली करंगळीएवढी डहाळी बहुधा वाळून जाते. मनगटाएवढी जाड आणि पुरुषभर उंच फांदी घ्यावी. तीही धडधाकट झाडाची तोडू नये. रस्ता रुंद करताना वड तोडतात, वादळात फांद्या मोडतात. त्यांतूनच निवडावी. पाने काढून टाकावीत. एक दिवस ती सावलीत ठेवावी, म्हणजे चीक सुकतो. वरच्या तोंडाला शेणमाती लिंपावी, म्हणजे फांदी वाळत नाही. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. काम झाल्यावर हात धुवावेत.

खड्डा

खड्डा २ फूट लांब, २ फूट रुंद व २ फूट खोल घ्यावा. मातीत कुजलेले शेणखत मिसळावे. वाळवी असेल तर निंबोळी पेंड घालावी. फांदीचा खालचा भाग खालीच राहील असे पाहावे. उलटी लावाल तर फुकट जाईल, बरं का! माती पायाने घट्ट दाबावी.

राखण

लावणारे पुष्कळ असतात, राखणारे थोडे. शेळीला वडाचा पाला फार आवडतो. म्हणून त्याच दिवशी बोरी-बाभळीचे कुंपण करावे. पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे. बुडाशी पालापाचोळा पसरावा, म्हणजे ओल टिकते. घराघराने पाळी वाटून घेतली तर कोणालाच भार होत नाही.

पुढे पारंब्या सुटतात. त्या तोडू नका. जमिनीला टेकल्या की त्या झाडाचे खांब होतात. कोलकात्याजवळ शिबपूर येथे वनस्पती उद्यान आहे. तिथला वड २०० वर्षांहून जुना आहे. मूळ खोडाला बुरशी लागली म्हणून १९२५ साली ते काढून टाकले. तरी झाड आजही जिवंत आहे, ते पारंब्यांच्या आधारावर. आपल्याकडे संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा वडही असाच पसरला आहे.

पार बांधाल तेव्हा सिमेंट खोडाला भिडवू नका. मोकळी माती ठेवा. खिळे ठोकू नका. उदबत्ती, कापूर खोडाला लागून पेटवू नका. साल भाजली की झाडाला इजा होते. सुताने इजा होत नाही, पण तारेने होते.

भिंतीतला वड

वडाची फुले फळाच्या आत असतात. पिकलेली फळे पाखरे खातात. बी त्यांच्या विष्ठेतून भिंतीवर पडते आणि फटीत रुजते. असे रोप वीतभर असतानाच मुळासकट काढावे. मुळे वाढली की भिंत फुटते. काढलेले रोप टाकू नका. पिशवीत लावा, पुढे जागी लावता येईल.

कुंडीतला वड

शहरात अंगण नसते. तिथे लहान पानांचा शोभेचा वड कुंडीत ठेवावा. कुंडीच्या बुडाला भोक हवे. बोट खुपसून पाहावे, वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. जागा उजेडाची असावी. ती वारंवार बदलू नये, नाहीतर पाने गळतात. दोन-तीन वर्षांनी पावसाळ्यात मुळे छाटून नवी माती भरावी.

आजची फांदी उद्या सावली देणार नाही. आपल्या नातवंडांना ती मिळेल. आपण तरी कोणाच्या लावलेल्या वडाखाली बसलो? तो आजोबा-पणजोबांचाच होता. ते देणे आपण फेडायचे आहे.

प्रश्न

१. वड घरापासून दूर का लावावा?
२. लावण्यासाठी फांदी कशी निवडावी?
३. पारंब्या का तोडू नयेत?
४. आपल्या गावात वड लावण्यासारखी जागा कोणती? चार ओळी लिहा.

वाचा व लिहा : ज्येष्ठ, पौर्णिमा, खड्डा, पारंब्या, कुंपण, पालापाचोळा.