जुनी लक्झरी गाडी: घरी काय करायचं, काय नाही?

१९९५ ला पुण्यात मर्सिडीजची डब्ल्यू १२४ बनायला लागली. अशी जुनी गाडी स्वस्तात दिसली की मन होतंच. पण लक्षात ठेवा, गाडीची किंमत उतरते, पार्ट्सची नाही. धंद्याचं भांडवल तिथंच अडकतं. म्हणून कामं वाटून घ्या.

घरी करा: एअर फिल्टर (आपल्या नगरच्या धुळीत जरा लवकरच तपासा), बॅटरीचे टर्मिनल, ऑइलची पातळी. कूलंट इंजिन गार झाल्यावरच बघा. गरम असताना झाकण उघडू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही.

मेकॅनिककडे द्या: ब्रेक, एअरबॅग, सस्पेन्शन. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, साधारण दोन वर्षांनी बदलून घ्या.

पार्ट मागवताना चेसिस नंबर द्या. नाहीतर पार्ट बसत नाही आणि पुण्याची फेरी वाया जाते.

आता हिशोब. समजा वर्षात दुरुस्तीला ६०,००० रुपये गेले आणि गाडी ८,००० किलोमीटर चालली. म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. त्यात पेट्रोल आणि विमा मिळवा, मग भाड्याच्या गाडीच्या दराशी ताडून बघा. जास्त येत असेल तर गाडी विका, पैसा दुकानातल्या मालाला लावा.

आजच गाडीची वेगळी वही घाला!