खांबाआडचा सायकलस्वार

चंडीगड शहराची उभारणी १९५१ पासून ल कार्बुझिए या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार सुरू झाली. शहराचे ‘सेक्टर’ या नावाने ओळखले जाणारे भाग पाडण्यात आले; प्रमाणभूत सेक्टर १,२०० मीटर लांब व ८०० मीटर रुंद असतो. वेगवान वाहनांचे रुंद मार्ग सेक्टरांच्या कडेने जावेत आणि पादचारी व सायकलस्वार यांना हिरव्या पट्ट्यांतून स्वतंत्र वाटा मिळाव्यात, या हेतूने रस्त्यांचे सात प्रकार ठरविण्यात आले. सायकलींच्या मार्गांचा आठवा प्रकार त्यात मागाहून समाविष्ट झाला. परंतु वाटा कितीही वेगळ्या केल्या, तरी त्या कोठे तरी एकमेकींना छेदणारच. चंडीगडमध्ये अशी मुख्य ठिकाणे म्हणजे तेथील प्रशस्त गोल चौक होत. मध्य मार्ग व जन मार्ग जेथे मिळतात, तो मटका चौक हे त्यांचे परिचित उदाहरण आहे.

अशा चौकाकडे येणाऱ्या मोटारचालकाला उजवीकडून येणारा सायकलस्वार कधी कधी दिसतच नाही. हवा स्वच्छ असते, दिवसाचा उजेड असतो, चालकाची दृष्टी निर्दोष असते आणि त्याने त्या दिशेला पाहिलेलेही असते. असे असूनही सायकलस्वार का दिसू नये, या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या रचनेत सापडते. पुढील काचेच्या दोन्ही कडांना छत पेलून धरणारे दोन तिरपे खांब असतात. काचेतून किती प्रकाश आत यावा, हे कायद्याने ठरविले आहे. भारतीय नियमांप्रमाणे पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आला पाहिजे. खांबातून मात्र प्रकाश मुळीच येत नाही.

दोन डोळे आणि एक खांब

वाचकाने येथे एक छोटा प्रयोग करून पाहावा. दोन्ही डोळे उघडे ठेवून एक बोट हातभर अंतरावर उभे धरावे आणि दूरच्या झाडाकडे पाहावे. बोटामुळे झाड झाकले जात नाही, कारण एका डोळ्याला न दिसणारा भाग दुसऱ्याला दिसतो. आता बोटाऐवजी हातातील हे पुस्तक तसेच उभे धरावे. पुस्तकामागील काही भाग दोन्ही डोळ्यांना अदृश्य होतो. तेथे माणूस उभा असेल, तर तोही दिसत नाही.

या दोन अनुभवांतील फरक डोळ्यांमधील अंतरावर अवलंबून आहे. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारणपणे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. आड येणारी वस्तू याहून अरुंद असेल, तर तिच्यामागील झाकलेला पट्टा निमुळता होत जाऊन थोड्याच अंतरावर संपतो. वस्तू याहून रुंद असेल, तर तो पट्टा दूरवर रुंदावतच जातो. समजा, खांब १२ सेंटिमीटर रुंद असून चालकाच्या डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवर आहे. मग ३० मीटर अंतरावर सुमारे २.४ मीटर रुंदीचा पट्टा दोन्ही डोळ्यांना दिसणार नाही. मोटारसायकलची लांबी साधारण दोन मीटर असते. म्हणजे स्वारासह संपूर्ण मोटारसायकल त्यात मावते.

भारतात चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे उजवा खांब त्याच्या डोळ्यांना अधिक जवळ असतो व डाव्या खांबापेक्षा अधिक दृश्य झाकतो.

न बदलणारी दिशा

मोटार पुढे सरकत असते, सायकलही पुढे सरकत असते; तेव्हा सायकल खांबाआडून लवकरच बाहेर येईल, असे कोणालाही वाटेल. पण ज्या दोन वाहनांची टक्कर व्हायची असते, नेमक्या त्याच दोन वाहनांच्या बाबतीत असे घडत नाही. समजा, एक मोटार ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने चौकाकडे येत आहे. उजवीकडच्या काटकोनातील रस्त्याने एक सायकल तिच्या निम्म्या वेगाने येत आहे. मोटार छेदबिंदूपासून ४० मीटरवर असताना सायकल २० मीटरवर आहे. दोन सेकंदांनंतर ही अंतरे २० व १० मीटर होतात. दोहोंमधील अंतर निम्मे झाले. परंतु चालकाच्या दृष्टीने सायकलची दिशा बदललेली नाही. ती आरंभीही सुमारे २७ अंश उजवीकडे होती आणि आताही तेथेच आहे. अनेक मोटारींत उजवा खांबही साधारण याच दिशेला असतो.

खलाशांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी १९७२ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत असे सांगितले आहे की, जवळ येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरील दिशा लक्षणीय प्रमाणात बदलत नसेल, तर टकरीचा धोका आहे असे मानावे. रस्त्यावर मात्र स्थिर दिशेचा हा इशारा खांबाच्या मागे लपून राहतो.

वरील उदाहरणात मोटार छेदबिंदूपासून २० मीटरवर येईपर्यंत सायकल झाकलेली राहू शकते. त्यानंतर दिसली, तरी चालकाला भान येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत सुमारे एक सेकंद जातो व मोटार १० मीटर पुढे येते. कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबण्यास आणखी आठ-नऊ मीटर लागतात. शिल्लक राहतो एखादा मीटर.

गोल चौकातील विशेष अडचण

आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालत असल्याने गोल चौकाभोवती ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. चौकात आधीपासून असलेल्या वाहनास वाट द्यावयाची असते आणि ते वाहन येते उजवीकडून, म्हणजे जाड दिसणाऱ्या खांबाच्याच बाजूने. चौकात शिरल्यावर मोटार सतत उजवीकडे वळत असते. वर्तुळाची त्रिज्या ३० मीटर असेल, तर त्याच वर्तुळावर ३० मीटर पुढे असलेली दुचाकी समोर न दिसता ३० अंश उजवीकडे असते. दोघांचा वेग सारखा असेल, तर वळण संपेपर्यंत ती तेथेच राहते. चंडीगडच्या हिवाळ्यातील दाट धुक्यात ही अडचण अधिकच वाढते.

खांब जाड का झाले?

अॅम्बॅसडर किंवा मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारींचे खांब सडपातळ होते. मोटार उलटल्यास छत चेपून आतील माणसे दगावू नयेत, म्हणून पुढे खांब अधिक मजबूत करण्यात आले. अमेरिकेत १९७३ पासून लागू असलेल्या नियमानुसार छताने मोटारीच्या वजनाच्या दीडपट भार सोसावा, अशी अट होती. २००९ मध्ये हलक्या मोटारींसाठी ती तिप्पट करण्यात आली. या बदलांमुळे आतील माणसे अधिक सुरक्षित झाली, यात शंका नाही. परंतु त्याची काही किंमत बाहेरील माणसांना द्यावी लागते, आणि सायकलस्वाराभोवती तर कोणताच खांब नसतो.

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या १२५ क्रमांकाच्या नियमानुसार एका खांबामुळे दोन्ही डोळ्यांना न दिसणारा कोन ६ अंशांहून अधिक नसावा. तथापि ६ अंश म्हणजे ३० मीटरवर सुमारे तीन मीटर. नियम पाळणारी मोटारही सायकलस्वारास झाकू शकते. व्हॉल्व्हो कंपनीने २००१ मध्ये आरपार दिसणारे जाळीदार खांब असलेली प्रायोगिक मोटार दाखविली होती. परंतु सर्वसाधारण मोटारींचे खांब अद्याप अपारदर्शकच आहेत.

उपाय

सर्वांत सोपा उपाय चालकाच्या मानेत आहे. नुसती नजर फिरवून खांबाआडचे दिसत नाही; डोक्याची जागा बदलावी लागते. चौकाजवळ येताना वेग कमी करून डोके वीतभर पुढे व मागे नेले, तर झाकलेला भाग उघडा होतो. वेग कमी केल्याने दिशाही बदलते आणि दडलेले वाहन खांबाबाहेर येते. खांबालगत मोबाइलची पकड, मूर्ती, माळा वा झालरी लावून तो आणखी रुंद करू नये.

सायकलस्वार व पादचारी यांच्यासाठीही एक खूण आहे. प्रकाशाची वाट दोन्ही दिशांनी सारखीच असते. येणाऱ्या मोटारीच्या चालकाचा चेहरा खांबाआड गेलेला असेल, तर आपणही त्याला दिसत नाही, असे समजावे आणि चेहरा दिसेपर्यंत थांबावे.