फुंकणीचा रकाना

गेल्या आठवड्यात एक मुलगी साठी उलटलेल्या आईला गुडघेदुखीसाठी घेऊन आली. दारापासून खुर्चीपर्यंत येतानाच मावशींना धाप लागली होती. मी त्याबद्दल विचारलं, तर मुलीनं मोबाइल पुढे केला. ‘‘सीओपीडीची प्रश्नावली भरलीय डॉक्टर. दहापैकी दोनच गुण आले. पाचच्या खाली म्हणजे काही नाही ना?’’

ते दोन गुणही वयाचे होते!

‘‘मावशी, जिना चढताना दम लागतो?’’

‘‘नाही हो. मी जिना चढतच नाही. पोरानं खाट खाली आणलीय.’’

‘‘बाजारहाट?’’

‘‘सून करते.’’

‘‘बिडी, सिगारेट?’’ दोघी हसल्या.

‘‘आणि चूल?’’

‘‘ती लग्नाआधीपासनं. तीस वर्षं फुंकणी हातात होती.’’

सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. त्याच्या या प्रश्नावलीत ‘आयुष्यात शंभर सिगारेटी ओढल्यात का’ असं विचारतात. चुलीचा रकानाच नाही. गोवऱ्या-तुराट्यांच्या धुरात स्वयंपाक केलेल्या बाईचे गुण तिथेच बुडतात. ‘विडीकाडी नाही, म्हणजे फुप्फुसं धड’ हा समज किती वर्षं खोडतोय मी! ‘कॅप्चर’ नावाच्या नव्या प्रश्नावलीत धूर-धुळीचा प्रश्न आहे. तरी अमेरिकेतल्या २०२३च्या अभ्यासात उपचारांची गरज असलेले निम्म्याहून अधिक रुग्ण तिच्याही हातून निसटले.

म्हणून प्रश्नावली फेकून द्या असं नाही. भरा, पण खरी भरा. दम लागू नये म्हणून काय काय सोडलंत, ते आठवा. बरोबरीच्या बायकांबरोबर सपाट रस्त्यावर चालताना मागे पडता? मग ‘वय झालं’ म्हणू नका, त्यांचंही तेवढंच झालंय. आणि गुण जास्त आले म्हणून रात्रभर जागूही नका. दमा, हृदयविकार, साधा रक्तक्षय, कशानेही दम लागतो. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर आधी टीबीसाठी थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात ती फुकट तपासतात.

सीओपीडीचा निकाल लागतो तो स्पायरोमेट्रीवर. छातीभर श्वास घ्यायचा, नळीत जोरात फुंकायचं आणि निदान सहा सेकंद फुंकत राहायचं. मग औषधाचा पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. एकूण फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी बाहेर पडली, तर श्वासनळ्या अरुंद झाल्यात. सुई नाही, दुखणं नाही. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, त्यावर विसंबू नका. ‘दहा सेकंद श्वास रोखा, फुप्फुस ठणठणीत’ हा व्हॉट्सअ‍ॅपचा शोध तर मला दाखवूच नका. आणि ती दम्याची पुडी! दोन दिवसांत बरं वाटतं, कारण अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, नि पुडीवाला सापडत नाही.

ओठ किंवा नखं निळसर दिसली, वाक्य एका दमात पुरं होईना, माणूस गुंगीत जाऊ लागला, तर प्रश्नावली काढत बसू नका. थेट रुग्णालय गाठा. थुंकीतून रक्त, पायांवर सूज, विनाकारण घटलेलं वजन, यांसाठीही ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

मावशींची स्पायरोमेट्री झाली, पंपानंतर ५८ टक्के. पंप सुरू केलाय. ‘‘सवय लागेल का हो?’’ त्यांनी विचारलं. म्हटलं, ‘‘फुंकणीची लागली होती का?’’