भाड्याचा गाळा, कोर्टाचा दावा आणि बिनसनदी ‘वकील’

जुन्नर, मंचर, घोडेगावच्या बाजारपेठांत भाड्याच्या गाळ्यावर पोट असलेले आपले दुकानदार व कारागीर बांधव थोडे नाहीत. मालकाने दावा लावला आणि जुन्नर किंवा घोडेगावच्या दिवाणी न्यायालयाचे समन्स आले, की काहीजण वकिलाकडे न जाता ‘कोर्टाचे काम जाणणाऱ्या’ एखाद्या माणसाला गाठतात. तो कुलमुखत्यारपत्र करून घेतो, कैफियत टाईप करतो आणि सहीही स्वतःच ठोकतो. फी कमी पडते, एवढाच काय तो फायदा.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. कुलमुखत्याराला पक्षकारातर्फे हजर राहता येते, अर्जही देता येतो. पण युक्तिवाद करण्याचा हक्क त्याला नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा १९५५ साली प्रसिद्ध झालेला निकाल हेच सांगतो. सनद नसलेल्या माणसाने कोर्टाची परवानगी घेतल्याखेरीज दुसऱ्याची बाजू मांडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितले. सनदेविना वकिली करणाऱ्यास वकील अधिनियम, १९६१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याला शिक्षा झाली म्हणून आपला गाळा परत मिळत नाही!

खरे नुकसान मुदतीचे होते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यावी लागते. सबळ कारण असल्यास कोर्ट ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढविते. जेथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे, तेथे थकबाकीच्या दाव्यात समन्सपासून ९० दिवसांत थकलेले भाडे १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरून, पुढेही नियमित भरीत राहिल्यास आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिल्यास, थकबाकीच्या कारणावरून गाळा खाली करण्याचा हुकूम होत नाही. हे न सांगता ‘तारीख घेतो’ म्हणणारा माणूस ते ९० दिवसच घालवून बसतो.

सहीच्या अधिकारातील उणीव दुरुस्त करण्याची संधी कोर्ट देऊ शकते. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे म्हटले आहे. मजकुराचे मात्र तसे नाही. समजा, शिलाईच्या दुकानात पुतण्या मदतीला बसतो आणि एजंटाने लिहून टाकले की ‘दुकान पुतण्याच चालवितो.’ मालकाचा वकील त्यालाच पोटभाडेकरू ठेवल्याची कबुली म्हणणार. साक्षीचेही तसेच. जे व्यवहार आपण स्वतः केले, त्यांची साक्ष आपल्याऐवजी कुलमुखत्यार देऊ शकत नाही. एकेकाळी हातकागदासाठी नाव असलेल्या जुन्नरात माणसे न वाचता कागदावर सही करतात, याला काय म्हणावे?

स्वतःची बाजू स्वतः मांडण्यास कोणाचीही हरकत नाही. दुसऱ्यास नेमायचे तर सनद पाहून वकीलपत्रावर सही करावी, कैफियत वाचून घ्यावी आणि तिची नक्कल भाडेपावत्यांसोबत घरी ठेवावी. महिला भाडेकरूस, उत्पन्न कितीही असो, तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो.