फुटबॉलच्या सरावाचे छायाचित्रण

सामन्याच्या दिवशी मैदानाभोवती कॅमेऱ्यांची गर्दी उसळते. सरावाच्या वेळी मात्र तेथे क्वचितच कोणी फिरकतो. छायाचित्रण शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने नेमका हाच काळ साधावा, असे आम्हांस वाटते. सामन्यात हुकलेला क्षण पुन्हा मिळत नाही. सरावात तोच फटका वीस वेळा मारला जातो, आणि विद्यार्थ्याला आपली चूक तेथल्या तेथे सुधारता येते.

चपळ गतीपुढे आपली दृष्टी किती दुबळी आहे, हे 1878 साली एडवर्ड मायब्रिज याने अमेरिकेत दाखवून दिले. धावपट्टीलगत ओळीने कॅमेरे मांडून त्याने दौडणाऱ्या घोड्याची चित्रे घेतली, तेव्हा घोड्याचे चारही पाय एका क्षणी अधांतरी असतात हे सिद्ध झाले. फुटबॉलचेही तसेच आहे. चेंडू सेकंदाला 20 मीटर वेगाने जात असेल, तर एक साठांश सेकंदात तो सुमारे 33 सेंटिमीटर, म्हणजे स्वतःच्या दीडपट व्यासाइतका सरकतो. चित्रात केवळ पांढरा फराटा उमटतो. शटरचा काळ एक सहस्रांश सेकंद ठेवला, तर तेवढ्यात तो दोनच सेंटिमीटर सरकेल. आषाढातील ढगाळ सकाळी इतक्या अल्प काळास प्रकाश अपुरा पडतो. तेव्हा आयएसओचा आकडा वाढवावा व चित्रात थोडा रवाळपणा आला तरी तो सोसावा. फराट्यापेक्षा तो बरा.

परंतु यंत्रापेक्षा निरीक्षण महत्त्वाचे. पहिले पाच-सहा फटके नुसते पाहावेत, बटनास हात लावू नये. फटका मारणारा खेळाडू प्रथम आपला दुसरा पाय चेंडूच्या बाजूस रोवतो. तो पाय टेकताच बटन दाबावे. चेंडू उडालेला पाहून दाबाल, तर उशीर झालाच म्हणून समजा! गोलरक्षकाच्या बाबतीत त्याचे गुडघे वाकताच सावध व्हावे.

निगडी-आकुर्डीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आणखी एक अडचण संभवते, ती पार्श्वभूमीची. खेळाडूच्या डोक्यातून विजेचा खांब उगवल्यासारखा दिसतो, किंवा मागे कंपनीची बस उभी असते. अशा वेळी सीमारेषेबाहेर गुडघा टेकून बसावे. कॅमेरा खाली आला की खेळाडू आकाशावर उठून दिसतो. सकाळी सूर्य पाठीशी घेण्यासाठी पूर्वेची बाजू धरावी. मात्र हिवाळ्यात मैदान कोरडे पडून धूळ उडू लागली, की आम्ही हा नियम खुशाल मोडतो. सूर्यासमोरून घेतलेल्या चित्रात ती धूळ सोन्यासारखी झळकते. मोबाइलने चित्र घेणाऱ्यांनी पडद्यावर ते ताणून मोठे करण्यापेक्षा चार पावले पुढे जावे.

प्रशिक्षकांची अनुज्ञा प्रथम घ्यावी. कोणी दुखापतीने कळवळत असता कॅमेरा खाली करावा. मुला-मुलींची चित्रे पालकांस विचारल्यावाचून सर्वत्र पाठवू नयेत.

आणि एक विनंती. अकरांत ज्यांची निवड होत नाही असे खेळाडूही रोज पहाटे येतात, जाळी बांधतात, चेंडूत हवा भरतात, इतरांइतकेच धावतात. सामन्याच्या चित्रांत ते कधीच नसतात. त्या प्रत्येकाचे निदान एक चांगले चित्र घ्यावे, त्यावर नाव व तारीख घालावी, आणि त्याची छापील प्रत त्याच्या घरी द्यावी.