घराची मलवाहिनी बदलताना : खर्च, माती आणि मोजमाप

घर बांधताना पाया, भिंती व छत यांच्या खर्चाचा हिशेब बहुतेक घरमालक काळजीपूर्वक ठेवतात. संडासापासून सेप्टिक टाकीपर्यंत किंवा रस्त्यातील गटारापर्यंत जाणाऱ्या नळाचा विचार मात्र तो तुंबल्यावरच होतो. ही मलवाहिनी जमिनीखाली असल्याने तिच्यातील बिघाड उशिरा लक्षात येतो, आणि लक्षात आल्यावर काम घाईने उरकले जाते. अशा कामात पैसा अधिक जातो आणि मूळ दोष तसाच राहतो. यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या मातीचा असल्यामुळे येथील नगरपरिषदा, ग्रामपंचायती व शाळा यांनी हा विषय मुळातून समजून घेणे अगत्याचे आहे.

जिल्ह्यात १६ तालुके आहेत. यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड, दारव्हा यांसारखी शहरे सोडली तर वस्ती प्रामुख्याने खेड्यांतून आहे. खेड्यांत संडासाचे पाणी शोषखड्ड्यात वा सेप्टिक टाकीत जाते. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात पात्र ग्रामीण कुटुंबांना शौचालयासाठी १२ हजार रुपयांचे प्रोत्साहन अनुदान मिळाले आणि घरोघरी शौचालये उभी राहिली. त्यांतील आरंभीच्या बांधकामांना आता दहा वर्षे होऊन गेली आहेत. अनुदान बांधणीसाठी होते. पुढील देखभाल घरमालकाकडेच आहे. शहरांचा प्रश्न थोडा निराळा आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत अभियानात यवतमाळ शहराचा समावेश झाला. पाणीपुरवठ्याबरोबर मलनिःसारण हाही त्या अभियानाचा विषय होता. भुयारी गटार दारापर्यंत आले, तरी घरातील जुनी वाहिनी सदोष असेल तर त्याचा पूर्ण लाभ त्या घराला मिळत नाही.

काळ्या मातीचा परिणाम

कापसाची काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. शेतकऱ्याला हे नव्याने सांगावयास नको. परंतु हीच हालचाल घराच्या अंगणातही दरवर्षी होत असते. जमिनीत पुरलेला नळ मातीबरोबर कोठे वर उचलला जातो, कोठे खाली बसतो. जुन्या घरांतून चिनी मातीचे नळ आढळतात. त्यांची लांबी साधारणतः ६० सेंटिमीटर असे व सांधे सिमेंटने भरलेले असत. १२ मीटर लांबीच्या वाहिनीत असे २० नळ आणि त्यांच्यामध्ये १९ सांधे येतात. सिमेंटचा सांधा ताठ असल्याने माती हलली की त्याला तडा जातो. त्या फटीतून मैलपाणी बाहेर झिरपते, ओलाव्याच्या शोधात पिंपळ, उंबर यांसारख्या झाडांची मुळे आत शिरतात आणि वाहिनी पुन्हा पुन्हा तुंबते.

आरोग्याशी संबंध

झिरपलेले मैलपाणी डोळ्यांना दिसत नसले, तरी त्याचे परिणाम गंभीर असतात. ज्या गावांत नळाला ठराविक वेळीच पाणी येते, तेथे पुरवठा बंद असताना पाण्याच्या नळातील दाब नाहीसा होतो आणि आसपासची घाण फुटक्या सांध्यातून आत ओढली जाते. कावीळ, विषमज्वर, अतिसार हे रोग या मार्गाने पसरतात. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात मैलपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून काविळीची साथ आली व सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. महाराष्ट्रात इचलकरंजी येथे २०१२ मध्ये दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ उद्भवली होती. खेड्यात हाच धोका विहिरीला असतो. सेप्टिक टाकीचे पाणी मुरविणारा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. तथापि, खड्डा दूर असूनही वाट वाकडी करून आलेली फुटकी वाहिनी विहिरीजवळून जात असेल, तर या अंतराला अर्थ उरत नाही.

आधी दोष शोधावा

वाहिनी तुंबली म्हणजे ती बदलावीच लागते, असे नाही. सेप्टिक टाकी भरली असेल तरीही पाणी मागे येते. टाकीतील गाळ दोन ते तीन वर्षांनी काढणे आवश्यक असते. म्हणून प्रथम टाकी पाहावी. टाकीत जागा असूनही पाणी अडत असेल, तर एकेका चेंबरचे झाकण उघडून संडासात बादलीभर रंगीत पाणी ओतावे. ज्या चेंबरपर्यंत रंग पोहोचतो व ज्यात पोहोचत नाही, त्या दोहोंच्या मध्ये अडथळा आहे असे समजावे. नळ सरळ आहे की खचला आहे हे कळण्यासाठी अभियंते एक सोपी पद्धत वापरतात : दोन चेंबरमधील नळाच्या एका तोंडाशी दिवा व दुसऱ्या तोंडाशी आरसा धरतात. आरशात पूर्ण गोल दिसला तर नळ सरळ आहे. चंद्रकोर दिसली तर तो मध्ये खचला किंवा गाळाने भरला आहे. गळती पाहण्यासाठी नळाचे खालचे तोंड बंद करून वरच्या चेंबरपर्यंत पाणी भरावे आणि अर्ध्या तासात पातळी किती उतरते ते पाहावे.

दोष एकाच सांध्यात सापडला तर तेवढाच भाग बदलणे स्वस्त पडते. परंतु एका वर्षात अनेकदा तुंबणे, निरनिराळ्या ठिकाणी गळती आणि खचलेला उतार ही लक्षणे एकत्र दिसली, तर पूर्ण वाहिनी बदलणेच शेवटी किफायतशीर ठरते.

खर्च कोठे होतो

नळाची किंमत म्हणजेच कामाचा खर्च, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात खर्चाची अंगे सहा आहेत : खोदाई, नळ व सांधे, नळाखालील बिछावणी, चेंबर, उखडलेली फरशी वा रस्ता पूर्ववत करणे आणि जुना मैला व माती वाहून नेणे. एका साध्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

संडासापासून टाकीपर्यंतचे अंतर १२ मीटर आहे असे समजू. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळाला ४० मीटरमागे १ मीटर उतार द्यावा, असा प्रचलित नियम आहे. १५० मिलिमीटरच्या नळाला तो ६० मीटरमागे १ मीटर असतो. म्हणजे १२ मीटरमध्ये नळ ३० सेंटिमीटर खाली उतरला पाहिजे. आरंभी नळाचा तळ ६० सेंटिमीटर खोल असेल तर शेवटी तो ९० सेंटिमीटर खोल जाईल. सरासरी ७५ सेंटिमीटर. काळ्या मातीत नळाखाली १५ सेंटिमीटर मुरूम किंवा चुरी घालणे आवश्यक असल्याने सरासरी खोदाई ९० सेंटिमीटर होईल. चराची रुंदी ६० सेंटिमीटर धरली तर खोदाई सुमारे साडेसहा घनमीटर भरते. नळाच्या खाली, बाजूंनी व वर १५ सेंटिमीटरपर्यंत भरण्यासाठी जवळजवळ तीन घनमीटर मुरूम लागतो. एवढ्या कामात नळ मात्र ६ मीटर लांबीचे दोनच लागतात. नळात काटकसर करून फारसे वाचत नाही. खोदाई दुसऱ्यांदा करावी लागली तर मात्र सारा खर्च पुन्हा येतो, हे यावरून ध्यानात येते.

वरील मापांना स्थानिक दर लावले की अंदाजपत्रक तयार होते. दरांच्या पडताळणीसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची व महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची दरसूची उपयोगी पडते. ठेकेदाराकडून एकगठ्ठा रक्कम न घेता सहाही बाबींचे माप व दर वेगवेगळे लिहून घ्यावेत आणि किमान दोघांकडून दर मागवावेत. चर बुजविण्यापूर्वी पाण्याची चाचणी घेतली जाईल व शेवटचा हप्ता त्यानंतरच दिला जाईल, ही अट लेखी असावी.

नळ, हंगाम आणि परवानगी

जमिनीखालील मलवाहिनीसाठी पी.व्ही.सी. नळांचे आय.एस. १५३२८ हे भारतीय मानक आहे. नळावर ते छापलेले आहे याची खात्री करून घ्यावी. शेतीच्या पाण्याचा किंवा गच्चीवरील पावसाच्या पाण्याचा पातळ नळ या कामी वापरू नये. मातीच्या भाराने तो दबतो. रबरी कड्याचा सांधा मातीच्या हालचालीबरोबर थोडा हलू शकतो, म्हणून काळ्या मातीत तो अधिक सोयीचा. काम पावसाळा संपून जमीन वाळल्यावर, हिवाळ्यात करणे उत्तम. दीड मीटरहून खोल चर असेल तर कडा ढासळू नयेत म्हणून फळ्यांचा आधार द्यावा.

रस्ता खोदावयाचा असल्यास नगरपरिषदेची वा ग्रामपंचायतीची आणि रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असल्यास त्या विभागाची परवानगी आधी घ्यावी. रस्ता पूर्ववत करण्याचा आकार अंदाजपत्रकात धरावा. नवी भुयारी गटार योजना होत असेल तर घरजोडणीचा खर्च योजनेत समाविष्ट आहे किंवा कसे, हे नगरपरिषदेत विचारल्याशिवाय स्वतःच्या पैशाने काम सुरू करू नये.

माणसाला टाकीत उतरवू नये

खर्च वाचविण्यासाठी टाकीत किंवा चेंबरमध्ये माणूस उतरविणे हा गुन्हा आहे. हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू काही क्षणांत माणसाला बेशुद्ध करतात, आणि त्याला वाचविण्यास उतरणाराही बळी पडतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना अशी धोकादायक सफाई करून घेण्यास बंदी केली. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अशा मृत्यूबद्दल १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला होता. २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख रुपये करण्यात आली. यंत्राच्या गाडीने गाळ उपसण्याचा खर्च म्हणूनच अंदाजपत्रकाचा आवश्यक भाग मानला पाहिजे.

ग्रामपंचायती व शाळांचे कार्य

सातारा जिल्ह्यातील वाई नगरपरिषदेने २०१८ पासून प्रत्येक घराची सेप्टिक टाकी तीन वर्षांतून एकदा ठरलेल्या क्रमाने उपसण्याची पद्धत सुरू केली. टाकी तुंबण्याची वाट पाहावी लागत नसल्याने घरमालकांची धावपळ वाचते. शेजारच्या काही ग्रामपंचायतींनी मिळून एक गाडी भाड्याने आणली, तरी अशी सोय खेड्यांत होऊ शकेल. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के निधी पाणी व स्वच्छता यांसाठी राखून ठेवला होता. गावाच्या विकास आराखड्यात स्वच्छतेला किती महत्त्वाचे स्थान अपेक्षित आहे, हे त्यावरून दिसते.

शिक्षकांनाही येथे वाव आहे. उतार, घनफळ व प्रमाण हे गणिताचे विषय घराच्या मलवाहिनीवरून शिकविता येतील. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील संडास, चेंबर, टाकी व विहीर यांची अंतरे मोजून नकाशा काढला आणि तो घरच्या कागदपत्रांत ठेवला, तर पुढे दुरुस्तीच्या वेळी अंदाजाने अंगण खोदावे लागणार नाही. सरपंच व सदस्यांनी अशा नकाशांवरून विहिरींजवळील धोक्याच्या जागा हेराव्यात आणि त्या घरांची तपासणी येत्या पावसाळ्यापूर्वी करून घ्यावी. आधी केलेले मोजमाप घरमालकाचा पैसा वाचवील आणि गावाचे पाणी निर्मळ राखील.